चोर सोडून संन्याशाला फाशी

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्या बायाबापड्यांच्याही तोंडी आहे. कोणा टवाळाने हसण्यासाठी ती रचली असेल, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या गावाने ही म्हण काढली, त्या गावाने असला प्रकार डोळ्यांदेखत पाहिला असला पाहिजे. आता मोगलाई गेली, पेशवाई गेली, इंग्रजीही गेली. तालुक्यास कोर्ट आहे, जिल्ह्यास मोठे कोर्ट आहे, त्यावर हायकोर्ट व त्यावर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय आहे. एवढ्या चार चाळण्या असता ही म्हण तरी खोटी पडावी की नाही? पण ती पडलेली नाही. आमचे शेतकरी व कारागीर बंधू अशा गोष्टी दूर ठेवतात. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' म्हणून मोकळे होतात. पण बाबांनो, तुम्ही पायरी चढला नाही तरी पायरीच तुमच्या दारात येते, त्याचे काय? म्हणून आज दोन खटल्यांची हकीकत सांगून त्यावर आमचे मत आम्ही स्वच्छ मांडणार आहोत.

पहिली हकीकत नाशिकची. 2003 सालच्या जून महिन्यात एका रात्री, शेतातल्या झोपडीत राहून मजुरी करणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. घरातील पाच माणसे ठार झाली. बाईमाणसांवर जो अत्याचार झाला, तो लिहिताना लेखणी थांबते. एक माउली व तिचा मुलगा तेवढे जखमी होऊन वाचले. मेलेली माणसे आपल्यासारखीच होती, हातावर पोट असलेली. त्यांच्या मारेकऱ्यांस शासन झालेच पाहिजे होते, याबद्दल कोणाचेही दुमत असू नये.

पोलिसांनी सहा जण धरले. ते भटक्या जमातीतले, गरीब, मागे ना वाडा ना वकील. 2006 साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने साही जणांस फाशी सुनावली. 2007 साली मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली व तिघांस जन्मठेप दिली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेपही काढून पुन्हा साही जणांस फाशी दिली. फेरविचाराचा अर्जही एकदा फेटाळला गेला. मग 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका प्रकरणात असा नियम केला की, फाशीच्या कैद्याचा फेरविचार अर्ज बंद खोलीत निकालात न काढता उघड्या कोर्टात ऐकावा. त्या नियमामुळे या सहा जणांचे दप्तर पुन्हा उघडले. 5 मार्च 2019 रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर व शहा यांच्यापुढे निकाल झाला: साही जण निर्दोष!

वाचकहो, हा हिशेब पुन्हा एकदा बोटांवर मोजा. पहिल्या कोर्टात सहा फाशी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात सहा, आणि शेवटी एकही नाही. साक्षीदार तेच, पंचनामे तेच, आरोपी तेच. बदलली ती फक्त वाचणारी नजर. धान्याच्या एकाच पोत्याचे वजन एका काट्यावर सहा मण, दुसऱ्यावर तीन मण व चौथ्यावर शून्य भरले, तर त्या काट्यावर आपण आपली कपाशी विकू काय? आणि येथे तर काट्यावर माणसाची मान होती.

शेवटच्या वेळी न्यायाधीशांस काय दिसले, तेही समजून घ्या. वाचलेल्या त्या बाईस पोलिसांनी आरंभीच जुन्या गुन्हेगारांचे फोटो दाखविले होते. त्यांतून तिने चार माणसे ओळखून दिली होती. ही चार माणसे या सहांपैकी नव्हेत, निराळीच होती! त्या चौघांचा पाठलाग तपासात झालाच नाही, आणि जी माणसे तिने आधी ओळखली नव्हती, ती फासावर जाण्यास निघाली. सर्वोच्च न्यायालयाने तपासाबद्दल कडक ताशेरे ओढले, चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले आणि या सहा जणांस प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम सरकारास केला. ती भटक्या जमातीतील व खालच्या थरातील गरीब माणसे आहेत, असेही निकालात स्वच्छ नमूद केले. सहा जणांची नावे आम्ही येथे छापत नाही. निर्दोष ठरलेल्या माणसास गावोगाव खुनाच्या खटल्यानिशी ओळखवून देण्याचे आम्हांस कारण नाही.

इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला. कागदावरून रद्द झाला, पण ठाण्यातल्या डोक्यांतून तो गेला काय? गावात चोरी झाली की पहिली काठी पालावर पडते, हे आपण सर्व जण जाणतो. आणि खरे सांगायचे तर ती काठी पडताना आपणही कडेला उभे राहून 'तेच असतील' म्हणतो. जो समाज स्वतः जातीच्या नावाने भरडला गेला, त्याने आपल्याहून खाली असलेल्यास जातीच्या नावाने चोर म्हणावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

नाशिकच्या त्या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, असे पुढे चौकशीत ठरले. म्हणजे कायद्याने ज्यास फाशी देताच येत नाही, त्यासही फाशी सुनावली गेली होती. पण या बाबतीत दुसरी हकीकत याहून थोर आहे, आणि ती आपल्या दाराशीच घडली आहे. नागपूरचे मध्यवर्ती कारागृह आमच्या वाडीपासून दोन-चार कोसांवर. तेथे फासाचा खांब आहे. 30 जुलै 2015 रोजी याकूब मेमन यास तेथेच फाशी दिली गेली. त्याच तुरुंगात राजस्थानातला एक कैदी फाशीची वाट पाहत होता.

1994 साली पुण्यात एका घरात पाच स्त्रिया व दोन मुले यांचे खून झाले. त्या प्रकरणी जे धरले गेले, त्यांत हा मुलगा होता. पोलिसांच्या व कोर्टाच्या कागदांवर तो विशीतला जवान लिहिला गेला. 1998 साली त्यास फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली व 2000 साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. खरे वय कोणी शोधले नाही. कोर्टाच्या कागदावर त्याचे नाव एक, आणि राजस्थानातल्या त्याच्या गावच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात दुसरे. पुढे कायदा झाला की, आपण गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होतो, ही हरकत कोणत्याही पायरीवर, निकाल पक्का झाल्यावरसुद्धा घेता येते. तेव्हा ते शाळेचे रजिस्टर उघडले गेले. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांस चौकशी करण्यास सांगितले. 27 मार्च 2023 रोजी निकाल आला की, गुन्ह्याच्या दिवशी या मुलाचे वय 12 वर्षे 6 महिने होते.

बारा वर्षे सहा महिने! सहावी-सातवीतले पोर. कायद्याप्रमाणे अशा मुलास फार तर तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येते. याने 28 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला, आणि त्यांतील बहुतेक सगळा फाशीच्या छायेखाली. तुरुंगातच तो पदवीपर्यंत शिकला. निकाल लागला तेव्हा तो चाळिशीत आलेला होता. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खून त्याने केले नाहीत, असे कोर्टाने म्हटले नाही. कोर्टाने एवढेच म्हटले की, तो लेकरू होता, त्यास फाशी देण्याचा अधिकार सरकारास कधी नव्हताच. मधल्या वर्षांत कोणा एका सकाळी नागपूरच्या तुरुंगात दोर ओढला गेला असता, तर ते रजिस्टर उघडून उपयोग काय होता? कोर्टाने दाखला कोणाच्या हाती दिला असता?

आम्ही शाळामास्तर. आमच्या कपाटातले दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे वाळवीचे खाद्य, असे पुष्कळ समजतात. पण दिल्लीच्या मोठमोठ्या वकिलांच्या पोथ्यांनी जे काम वर्षानुवर्षे झाले नाही, ते एका खेड्यातल्या मास्तराने मांडी घालून लिहिलेल्या एका ओळीने केले. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कारकुनाच्या कागदाने शेतकरी कसा नाडला जातो हेच दाखविले आहे. ज्यास वाचता येत नाही, त्यास कागद हा फास आहे. येथे त्याच कागदाने फास सोडविला. विद्या कशासाठी, या प्रश्नाचे याहून मोठे उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

आता आमचे काही वाचक विचारतील, "मास्तर, तुम्ही खुन्यांची तरफदारी चालविली आहे काय? ज्याची लेक गेली त्याने काय करावे?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरात प्रेत पडले, त्यास आम्ही शांतीचा उपदेश करणार नाही. खुन्यास शिक्षा झालीच पाहिजे, व ती कडकच झाली पाहिजे. पण नाशिकच्या त्या माउलीकडे पाहा. तिच्या घरातील पाच माणसे मारणारे कोण? सोळा वर्षे सरकार म्हणत होते, हे सहा. सोळा वर्षांनी ठरले की, ते हे नव्हेत. मग खरे मारेकरी सोळा वर्षे कोठे होते? ज्या दिवशी निरपराध्याच्या मानेस दोर लागतो, त्याच दिवशी अपराधी मोकळा होतो, कारण मग त्याचा शोधच थांबतो. चुकीची फाशी ही आरोपीवर अन्याय करते आणि फिर्यादीवरही. जो खरोखर मृतांसाठी न्याय मागतो, त्याने तर चुकीच्या शिक्षेची सर्वांत अधिक भीती धरली पाहिजे.

दुसरे कोणी म्हणतील, "कायदा सर्वांस सारखा आहे, मग ओरड कशाची?" पूर्वी तो सारखा नव्हता, हे आपणांस माहीत आहेच. मनुस्मृतीत इतरांस प्राणदंड असेल तेथे ब्राह्मणास केवळ मुंडन सांगितले आहे. 1860 च्या पिनल कोडाने तो भेद कागदावर मोडला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु कायदा सारखा झाला म्हणून वकील सारखा झाला काय? ज्याच्यापाशी पैसा आहे, तो पहिल्या दिवसापासून नामांकित वकील उभा करतो, साक्षीदाराची उलटतपासणी शब्दाशब्दाने होते, वयाचा दाखला, डॉक्टरचा दाखला वेळेवर हजर होतो. गरिबास सरकार वकील देते. त्यांत भले लोक आहेत, पण कित्येकदा वकील व अशील यांची गाठ कोर्टाच्या दारातच पडते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 साली फाशीच्या 373 कैद्यांची प्रत्यक्ष विचारपूस करून अहवाल काढला. त्यांतील शेकडा 74 आर्थिक दृष्टीने दुबळे होते, आणि सुमारे तीन चतुर्थांश मागासवर्गीय वा अल्पसंख्य धर्मांचे होते. जुन्या काळी जातीने सूट मिळत होती. आता सूट पैशाने मिळते, आणि पैसा कोणत्या जातींकडे आहे हे सांगण्यास ज्योतिषी नको.

तिसरा आक्षेप असा की, "चुका झाल्या खऱ्या, पण शेवटी त्या दुरुस्त झाल्याच ना?" या दोन हकीकतींत झाल्या, कारण माणसे जिवंत होती. सगळ्यांचे असे झालेले नाही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका खटल्यात असे ठरविले की, फाशी देताना गुन्हा तेवढा पाहावा, गुन्हेगाराची परिस्थिती पाहण्याचे कारण नाही. 2009 साली त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटले की, तो निकाल 1980 च्या पाच न्यायाधीशांच्या निर्णयाशी विसंगत, म्हणून चुकीचा होता. फाशी विरळातल्या विरळ प्रसंगीच द्यावी आणि गुन्ह्याबरोबर माणूसही पाहावा, असे 1980 सालीच ठरले होते. 2012 साली 14 निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींस पत्रे लिहिली. या चुकीच्या आधारावर फाशी झालेले जे 13 कैदी अजून जिवंत आहेत त्यांची फाशी रद्द करावी, आणि दोघांस तर आधीच फासावर दिले गेले आहे, असे त्यांत होते. ही तक्रार कोणा चळवळ्याची नव्हे. आयुष्यभर न्यायासनावर बसलेल्यांची आहे. त्या दोघांसाठी आता कोणते अपील?

ही गोष्ट आपल्याच देशात घडते, असे मात्र समजू नये. इंग्लंडात टिमथी इव्हान्स नावाच्या माणसास स्वतःच्या लेकीच्या खुनाबद्दल 1950 साली फाशी दिली. तीन वर्षांनी उघडकीस आले की, त्याच घरात राहणारा ख्रिस्टी नावाचा साक्षीदार एकामागून एक खून करीत आलेला होता. इव्हान्सला माफी मिळाली, ती 1966 साली, मेल्यानंतर सोळा वर्षांनी! अशा प्रकारांनी इंग्रज लोकांचे डोळे उघडले व त्यांनी 1965 साली खुनासाठी फाशी थांबविली आणि 1969 साली ती कायमची काढली. ज्यांनी आपणांस फाशीचा कायदा लिहून दिला, त्यांनी स्वतःच्या घरातून तो हाकलला; आपण मात्र तो देव्हाऱ्यात ठेवला आहे. जपानात इवाओ हाकामादा यास 1968 साली फाशी सुनावली गेली होती. तो निर्दोष असल्याचे 2024 साली ठरले. तेव्हा तो 88 वर्षांचा होता.

आपल्याकडील आणखी एक ताजी गोष्ट थोडक्यात सांगतो. 2006 सालच्या मुंबईतील आगगाडी बॉम्बस्फोटांबद्दल 2015 साली पाच जणांस फाशी व सात जणांस जन्मठेप झाली होती. 21 जुलै 2025 रोजी मुंबई हायकोर्टाने ते सर्व निर्दोष ठरविले. सरकारने त्यावर लगेच सर्वोच्च न्यायालयात अपील केले, म्हणून त्या खटल्याच्या खरेखोटेपणात आम्ही शिरत नाही. एवढेच सांगतो की, फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण 2021 सालीच नागपूरच्या तुरुंगात मरण पावला होता. निकाल ऐकण्यास तो उरला नाही.

या सर्वांवरून आमचे मत असे: फाशीची शिक्षा कायद्यातून काढून टाकावी. ज्याने खरोखर घोर अपराध केला असेल त्यास जन्मभर तुरुंगात ठेवावे, समाजात पुन्हा मोकळा हिंडू देऊ नये. तुरुंगाचे दार कितीही जाड असले, तरी ते उघडता येते. सुताराने चुकीचा कापलेला वासा दुसरीकडे लावता येतो, कोष्ट्याचा तुटलेला धागा गाठ मारून चालविता येतो. तुटलेल्या मानेस गाठ नाही. ज्या यंत्रणेला सहाचे तीन, तीनाचे पुन्हा सहा व सहाचे शून्य करण्यास तेरा वर्षे लागतात, तिच्या हाती न परतणारी शिक्षा देऊ नये, एवढे साधे हे गणित आहे. हे आमच्याच पदरचे नव्हे. 3 जून 1949 रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही फाशीची शिक्षा साफ काढून टाकणेच या देशास योग्य, असे सांगितले होते. बाबासाहेबांच्या तसबिरीस हार घालणारे आमदार-खासदार या गोष्टीवर मौन का धरतात, ते त्यांनाच विचारावे.

पण कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसणे शहाणपणाचे नव्हे. तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. पहिली गोष्ट म्हणजे, घरात मूल जन्मले की 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत नोंद करून दाखला घ्यावा. शाळेत नाव घालताना 'घाला मास्तर एक जून' असे म्हणू नये. आपल्या खेड्यांत निम्म्या लोकांचा जन्म एक जूनला झालेला दिसतो, ही हसण्याची गोष्ट नव्हे. उद्या त्याच तारखेवर कोणाचे आयुष्य तोलले जाईल. नावही एकच ठेवावे. घरी एक, शाळेत दुसरे व कोर्टात तिसरे, असे होऊ देऊ नये. आमच्या शिक्षक बंधूंनीही ध्यानात धरावे की, दाखल-खारीज रजिस्टरातील प्रत्येक ओळ ही साक्ष आहे. ती विचारून, कागद पाहून लिहावी, आणि ते रजिस्टर पाऊस-वाळवीपासून जपावे.

दुसरी गोष्ट, कोणास पोलिसांनी धरले, तर 24 तासांच्या आत त्यास मॅजिस्ट्रेटापुढे उभे केलेच पाहिजे, असे घटनेत आहे. ठाण्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. अटकेतल्या माणसास, तसेच स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांस मिळकत न पाहता फुकट वकील मिळण्याचा 1987 च्या कायद्याने हक्क आहे. त्यासाठी जिल्हा कोर्टातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. हा हक्क आहे, भीक नव्हे, म्हणून मान खाली घालून मागू नये. आणि वकील मिळाल्यावर त्यास भेटून वय, ठावठिकाणा, त्या दिवशी कोणत्या शेतावर वा कोणत्या कारखान्यात कामास होतो, हे सर्व कागदपत्रांसह पहिल्याच दिवशी सांगावे.

तिसरी व सर्वांत मोठी गोष्ट, ओळखपरेडीस वा पंचनाम्यास बोलाविले, तर खरे तेवढेच सांगावे. पाटील म्हणतो, जमादार म्हणतो, म्हणून न पाहिलेले पाहिले म्हणू नये. न वाचलेल्या कागदावर अंगठा वा सही देऊ नये. पंचाची खोटी सही म्हणजे दोराचा एक पीळ. दोर काही एकटा जल्लाद वळीत नाही. घाईचा तपास, भित्रा पंच, झोपलेला वकील आणि 'तेच असतील' म्हणणारा गाव, असे सगळे मिळून तो वळतात. यांतील शेवटचे दोन पीळ उकलणे तरी आजच, कोणत्याही सरकारास न विचारता, आपल्या हाती आहे.